विंडोजमधून मॅकमध्ये जाताना हिशेबाची वही कुठे अडकते?

अँड्रॉइड सोडून आयफोन घेतलेल्या कुणालाही विचारा, काय काय सोबत आणता आलं. फोटो आले, नंबर आले, २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या गप्पासुद्धा येतात. पण खर्चाचं ॲप वापरत असाल तर तिथे गाडी अडते. आपल्याकडची बरीच ॲप बँकेचे एसएमएस वाचून आपोआप नोंदी करतात, आणि आयफोनवर कुठल्याही ॲपला तुमची एसएमएसची पेटी उघडून वाचायची मुभा नाही. म्हणजे जुन्या नोंदी कशाबशा आणल्या, तरी नव्या नोंदी बसा हाताने टाइप करत.

ही अडचण फोनसोबत आलेली नाही. तिचं वय चाळिशीच्या आसपास आहे आणि तिची मूळ गोष्ट अमेरिकेतली आहे. आजच्या भागात तीच सांगतोय. यात एक स्वयंपाकघर आहे, दोन कंपन्यांचं ठरून मोडलेलं लग्न आहे, एक साधीसुधी टेक्स्ट फाइल आहे, आणि २०११ साली आपला संगणक अपडेट करायला घाबरणारी हजारो माणसं आहेत.

आधी स्वयंपाकघर. १९८० च्या दशकातल्या अमेरिकेत विजेचं बिल, फोनचं बिल, घराचा हप्ता, सगळं चेकने भरलं जायचं. चेक लिहायचा, पाकिटात घालायचा, पोस्टात टाकायचा. प्रत्येक चेकची नोंद चेकबुकासोबतच्या छोट्या वहीत करायची आणि महिन्याच्या शेवटी बँकेकडून आलेल्या पत्रकाशी ती वही ताळून बघायची. दहा डॉलरचा फरक आला की पुन्हा पहिल्यापासून. यूपीआयच्या पिढीला हे खोटं वाटेल, पण घरोघरी हे काम खरोखर चालायचं, आणि बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. स्कॉट कुक नावाच्या गृहस्थांच्या पत्नी याच कामाला वैतागल्या होत्या. कुक आधी साबण-शाम्पू विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये होते, त्यामुळे घरातल्या माणसाची कटकट म्हणजे बाजारपेठ हे त्यांना चटकन कळलं. १९८३ मध्ये त्यांनी टॉम प्रू या प्रोग्रॅमरला सोबत घेऊन इन्ट्युइट ही कंपनी काढली. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव क्विकन.

क्विकनची खरी हुशारी दिसण्यात होती. तेव्हाचे हिशेबाचे प्रोग्रॅम मुनीमजींच्या भाषेत बोलायचे: जमा, नावे, रोजकीर्द, खतावणी. क्विकन उघडलं की पडद्यावर चक्क चेक दिसायचा. नाव लिहा, रक्कम लिहा, पुढचा चेक. ज्याला वही लिहिता येते त्याला क्विकन येतं, एवढंच.

आता आपल्या कामाची गोष्ट. क्विकन सुरुवातीलाच दोन यंत्रांवर आलं, आयबीएम पीसी आणि ॲपल टू. पुढे मॅकिंटॉशवर आलं, विंडोजवर आलं. खोक्यावर नाव तेच, कंपनी तीच. आत मात्र हे वेगवेगळे प्रोग्रॅम होते, वेगळे लिहिलेले, आणि त्यांच्या फाइलींची रचनाही वेगळी. विंडोजवर एकाच नावाच्या, वेगवेगळ्या शेपट्या लावलेल्या चार-पाच फाइली मिळून तुमचा हिशेब व्हायचा. मॅकची रचना स्वतंत्र. विंडोजवरची फाइल उचलून मॅकवर ठेवली तर मॅकचं क्विकन तिच्याकडे अनोळखी पाहुण्यासारखं बघायचं. सख्खे भाऊ, पण एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही.

मग माणसं काय करायची? तर क्यूआयएफ.

क्यूआयएफ म्हणजे क्विकन इंटरचेंज फॉरमॅट. डॉसच्या काळापासून चालत आलेला हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण तो नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. हा भाग तयार करताना मी हाताने एक क्यूआयएफ फाइल लिहून बघितली. एका नोंदीला पाच-सहा ओळी लागतात. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर सांगतं की पुढे काय आहे. डी म्हणजे तारीख, टी म्हणजे रक्कम, पी म्हणजे कुणाला दिले, एल म्हणजे कुठल्या खात्यावर टाकायचे. शेवटी टोपीसारखं एक चिन्ह: नोंद संपली. मराठीत लिहायची तर अशी दिसेल:

डी ३/५/९७
टी -४०.००
पी कोपऱ्यावरचं दुकान
एल किराणा
^

बस. इतकी सोपी फाइल, मग अडचण कुठे येणार? येते, आणि अगदी पहिल्याच ओळीत येते.

३/५/९७. आपण वाचणार ३ मे. अमेरिकन माणूस वाचणार ५ मार्च. फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही की महिना आधी आहे की दिवस. १२ तारखेनंतरच्या नोंदी निदान उघड चुकतात, तेराव्या महिन्यावर प्रोग्रॅम थबकतो. पण १ ते १२ तारखांच्या नोंदी गुपचूप भलत्या महिन्यात जाऊन बसतात आणि वर्षअखेरीपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. मग आलं २०००. दोन आकडी वर्षाचं काय करायचं? तर क्विकनने १९०० च्या शतकासाठी तिरकी रेघ ठेवली आणि २००० नंतरच्या वर्षाआधी वरचा स्वल्पविराम टाकायला सुरुवात केली, म्हणजे १/५'०४ असं काहीतरी. अख्खं शतक एका टिंबाएवढ्या खुणेवर टांगलेलं! ही खूण न कळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने काय गोंधळ घातला असेल, विचार करा.

त्यातून फाइलच्या ओळी. ओळ संपली हे संगणकाला कसं कळतं? जुन्या टाइपरायटरवर त्यासाठी दोन हालचाली असायच्या: गाडी ओळीच्या सुरुवातीला परत न्यायची आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. विंडोजने दोन्हीच्या खुणा ठेवल्या. जुन्या मॅकने फक्त पहिली ठेवली. युनिक्सने, आणि म्हणून लिनक्सने, फक्त दुसरी. परिणाम असा की जुन्या मॅकवरची टेक्स्ट फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की हजार नोंदी एकाच लांबलचक ओळीत. आणि हे किती काळ चालावं? नोटपॅडला बाकीच्या दोघांच्या ओळी कळायला २०१८ साल उजाडलं.

अक्षरांचीही तीच कथा. इंग्रजी अक्षरं ठीक, पण फ्रेंच धाटणीचा, डोक्यावर रेघ असलेला 'ई' विंडोज ज्या आकड्याने साठवायचं, त्याच आकड्यावर जुन्या मॅककडे वेगळंच अक्षर होतं. कॅफेतली कॉफी मॅकवर गेली की कॅफेचं नाव बिघडलेलं. आता क्विकनच्या दृष्टीने बिघडलेलं नाव म्हणजे नवीन दुकान. वर्षभरात तिथे किती खर्च झाला हे बघायला गेलात तर एकाच कॅफेच्या दोन ओळी.

पण सगळ्यात जास्त माणसांना छळलं ते बदलीच्या नोंदींनी. समजा, बचत खात्यातून क्रेडिट कार्डाचे २०० डॉलर भरले. पैसे एकदाच हलले. पण क्यूआयएफ प्रत्येक खात्याची वेगळी फाइल काढायचा. बँकेच्या फाइलमध्ये लिहिलेलं, '२०० कार्डाला गेले'. कार्डाच्या फाइलमध्ये लिहिलेलं, '२०० बँकेतून आले'. नव्या संगणकावर पहिली फाइल वाचली की क्विकन दोन्ही खात्यांत नोंद करायचं. दुसरी वाचली की पुन्हा दोन्हीत. २०० चे ४०० झाले. क्यूआयएफमध्ये नोंदीला स्वतःचा असा क्रमांकच नव्हता, त्यामुळे ही नोंद आधी आलीय हे ओळखायला काही आधार नाही. विंडोजवरच्या क्विकनमध्ये यासाठी मुद्दाम एक चौकट ठेवलेली होती, बदल्यांकडे विशेष लक्ष द्या अशा अर्थाची. तिच्यावर टिक करायची राहिली की दहा वर्षांच्या बदल्या दुप्पट. मग रात्री बसून एकेक पुसत राहा.

आणि जे फाइलमध्ये येतच नव्हतं त्याचं काय? चलन कुठलं ते येत नव्हतं. महिन्याचं बजेट येत नव्हतं. दर महिन्याला आपोआप पडणाऱ्या नोंदी येत नव्हत्या. शेअर विकले तर ते कुठल्या खरेदीतले विकले, ही जोडी तुटायची. या शेवटच्या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत, कारण पुढे खरे पैसे त्यातच अडकले.

आता ते मोडलेलं लग्न. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा प्रोग्रॅम आणला, मायक्रोसॉफ्ट मनी. तो मॅकवर कधीच आला नाही. क्विकनवरून माणसं ओढायला त्यात क्विकनची फाइल वाचायची सोय होती. आपल्या घरात येणारं दार प्रत्येक कंपनी रुंद ठेवते, बाहेर जाणाऱ्या दाराचं तेल मात्र कुणी घालत नाही. इतकं करूनही क्विकन हलेना. दोन-तृतीयांशांहून जास्त बाजार त्याच्याकडेच. मग १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने सरळ इन्ट्युइटच विकत घ्यायचं ठरवलं, सुमारे दीड अब्ज डॉलरला. मनी हे लेकरू नॉव्हेल कंपनीला देऊन टाकायचं असंही ठरलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने एप्रिल १९९५ मध्ये कोर्टात धाव घेतली आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. एका घराच्या जमाखर्चाच्या प्रोग्रॅमसाठी सरकार कोर्टात का जावं? कारण ज्याच्याकडे लोकांची वही, त्याच्याकडे उद्या ऑनलाइन बँकिंगचा दरवाजा, हे तेव्हाच सगळ्यांना दिसत होतं.

लग्न मोडलं तरी १९९७ मध्ये याच दोघांनी चेकफ्री या कंपनीला सोबत घेऊन ओएफएक्स नावाची नवी पद्धत आणली. त्यात प्रत्येक नोंदीला बँकेने दिलेला क्रमांक असतो, तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहायची असते. दुप्पट नोंदींचा प्रश्न बराचसा सुटला. पण इन्ट्युइटने ओएफएक्सवर आपला शिक्का मारून क्यूएफएक्स काढलं, ज्यासाठी बँकांनी इन्ट्युइटला पैसे द्यायचे. आणि क्विकन २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी बँक आणि कार्डाच्या खात्यांत क्यूआयएफ आणायचं दारच बंद केलं. कारण सांगितलं गेलं की क्यूआयएफ जुनाट आहे. जुनाट होतंच, ते वर बघितलं आपण. पण ते फुकट होतं, हेही खरं. लोकांनी लगेच पळवाट काढली: रोख रकमेच्या खात्यात क्यूआयएफ आणायची आणि तिथून नोंदी हलवायच्या. जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं थोडंच आहे.

मॅकवाल्यांकडे येऊ. १९९८ मध्ये ॲपलची अवस्था नाजूक होती. त्या वसंतात इन्ट्युइटने जाहीर केलं की मॅकसाठी क्विकन आता नाही. यातली गंमत अशी, की इन्ट्युइटचे तेव्हाचे प्रमुख बिल कॅम्पबेल हे ॲपलचे जुने अधिकारी, आणि त्या वेळी ॲपलच्याच संचालक मंडळावर बसलेले. काही आठवड्यांतच निर्णय फिरला. ऑगस्टमध्ये तो रंगीत, गोलमटोल आयमॅक बाजारात आला तेव्हा क्विकन त्याच्यासोबतच मिळत होतं. पण मॅकचं क्विकन कायम धाकटंच राहिलं. विंडोजवर येणाऱ्या सोयी मॅकवर उशिरा यायच्या किंवा यायच्याच नाहीत.

मग २००५ च्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्जनी सांगितलं की मॅकमधली पॉवरपीसी चिप जाणार आणि इंटेलची येणार. जुने प्रोग्रॅम नव्या चिपवर चालावेत म्हणून ॲपलने एक दुभाषा दिला, त्याचं नाव रोझेटा. जुना प्रोग्रॅम पॉवरपीसीच्या भाषेत बोलणार, रोझेटा ते इंटेलला समजावून सांगणार. दुभाषा कायमचा नसतो हे उघड होतं. बहुतेक कंपन्यांनी आपले प्रोग्रॅम नव्याने बांधले. मॅकसाठीचं क्विकन २००७ मात्र पॉवरपीसीवरच राहिलं. वर्षामागून वर्षं गेली, नवीन आवृत्ती येणार येणार म्हणत. २०१० च्या फेब्रुवारीत आलं ते क्विकन इसेन्शिअल्स. ते इंटेलवर चालायचं, दिसायला नीटनेटकं होतं, पण शेअरच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी त्यात ठेवता येत नव्हत्या. जुन्या वहीतलं निम्मं बाहेर ठेवून नव्या घरात या, असा प्रकार.

आणि २० जुलै २०११ ला ॲपलने लायन ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणली. तिच्यात रोझेटा नव्हता. लायन टाकलं की क्विकन २००७ उघडणारच नाही.

हे इतकं गंभीर का, ते सांगतो. अमेरिकेत शेअर विकले की नफ्यावर कर लागतो, आणि नफा काढायला मूळ खरेदीची किंमत लागते. ती किंमत कर खात्याला कळवायची सक्ती दलालांवर आली ती २०११ पासून, आणि तीसुद्धा त्या वर्षापासून घेतलेल्या शेअरपुरती. म्हणजे कुणी १९९२ मध्ये शेअर घेतला असेल, दर वर्षीच्या लाभांशातून त्याच कंपनीचे चिल्लर चिल्लर शेअर घेत गेला असेल, तर त्या पन्नास-साठ छोट्या खरेद्यांच्या किमती ठेवायची जबाबदारी त्याची. ती कुठे होती? क्विकनमध्ये. ज्या फाइलला उघडणारा प्रोग्रॅम नव्या मॅकवर चालत नव्हता आणि ज्याच्या कंपनीच्या नव्या प्रोग्रॅमला त्या नोंदी घेता येत नव्हत्या, त्या फाइलमध्ये.

इन्ट्युइटने ग्राहकांना सुचवलेले मार्ग तीन. इसेन्शिअल्स घ्या. किंवा मिंट वापरा, हे इन्ट्युइटने २००९ मध्ये १७ कोटी डॉलरला घेतलेलं संकेतस्थळ, जिथे जुनी वही न्यायची सोय नव्हती. किंवा विंडोजवरचं क्विकन घ्या. मॅकवाल्याला! मॅकच्या आत विंडोज बसवून त्यात क्विकन चालवणारी माणसं खरोखर होती. बाकीच्यांनी सोपा उपाय केला: संगणक अपडेटच केला नाही. एका प्रोग्रॅमसाठी जुनी सिस्टिम, जुना मॅक, सगळं तसंच धरून बसले. शेवटी मार्च २०१२ मध्ये इन्ट्युइटने तेच क्विकन २००७ लायनवर चालेल असं करून १५ डॉलरला विकायला काढलं. पाच वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम, तोच, पुन्हा पैसे देऊन, आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकत तो घेतला. मला यात लोकांचा भाबडेपणा दिसत नाही. वीस वर्षांची वही आणि १५ डॉलर, यात कुणीही १५ डॉलरच देईल. २०१६ मध्ये इन्ट्युइटने क्विकन विकून टाकलं. आता त्याच्या विंडोज आणि मॅक आवृत्त्यांमध्ये ये-जा करायला वेगळी फाइल आहे, पण बजेटसारख्या गोष्टी अजूनही वाटेत गळतात.

मायक्रोसॉफ्ट मनीचं त्याहून वाईट झालं. जून २००९ मध्ये विक्री थांबली, २०११ च्या जानेवारीत ऑनलाइन सेवा बंद. निरोपाची म्हणून एक फुकट आवृत्ती दिली, तिचं अधिकृत नावच सनसेट, म्हणजे सूर्यास्त. मनीची फाइल आतून ॲक्सेससारख्याच डेटाबेसची, पण थोडी बदललेली आणि कुलूप लावलेली. ती उघडायची साधनं पुढे हौशी प्रोग्रॅमरांनीच लिहिली. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात मोडीतले कागद पडून आहेत, शाई ठळक, कागद शाबूत, फक्त मोडी वाचणारी माणसं विरळ झाली. तिथे ती वेळ यायला पिढ्या गेल्या. मनीच्या फाइलीवर ती दहा-पंधरा वर्षांत आली.

या सगळ्यात एक वेगळा रस्ता होता. १९९८ मध्ये लिनक्सवर ग्नूकॅश नावाचा मुक्त प्रोग्रॅम पहिल्या पक्क्या आवृत्तीत आला. यात पुन्हा मुनीमजींची पद्धत, प्रत्येक नोंद दोन खात्यांत. त्यामुळे सुरुवातीला जड जातो, मलाही गेला. पण त्याची फाइल म्हणजे दाबून लहान केलेला मजकूर, उघडून वाचता येणारा. २००७ पासून तो विंडोजवरही चालतो, मॅकवरही, आणि तीच फाइल तिन्हीकडे उघडते. काही गळत नाही, कारण कुठे भाषांतरच करावं लागत नाही. माझी हाताने लिहिलेली क्यूआयएफ फाइल मी त्यातच घातली. तारखांपाशी तो थांबला आणि त्याने विचारलं, यातला दिवस कुठला आणि महिना कुठला? इतकं साधं विचारणं आहे, पण ते विचारायचं सुचायला हवं ना.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अकाउंट ॲग्रिगेटरचे नियम आणले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. तुम्ही संमती दिली की तुमच्या बँकेतल्या नोंदी एका ठरलेल्या साच्यात दुसऱ्या ॲपकडे जातात, फोन कुठलाही असो. म्हणजे एसएमएस वाचायची गरजच नाही. हे क्यूआयएफच्या मानाने फारच पुढचं काम आहे. फक्त एक लक्षात ठेवा, बँकेकडे फक्त बँकेपुरतंच असतं. ५०० रुपये अमुक दुकानाला गेले, एवढं तिला माहीत. ते आईच्या औषधांचे होते, की मित्राने परत करायचे आहेत, की गणपतीच्या वर्गणीचे, हे तुम्ही ॲपमध्ये लिहिलेलं असतं आणि ते तिथेच असतं. रोखीने दिलेलं तर बँकेला ठाऊकच नाही. मिंट २०२४ च्या मार्चमध्ये बंद झालं तेव्हा तिथल्या माणसांनी धावाधाव केली ती याच नोंदी उतरवून घ्यायला. बँकेतल्या नोंदी बँकेत होत्याच.

तर आज रात्री फोन हातात असेलच, तुमच्या खर्चाच्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पोर्ट शोधा. सीएसव्ही फाइल निघाली तर ती उघडा आणि तीन गोष्टी बघा: तारखेत महिना कुठला ते कळतंय का, तुम्ही दिलेली वर्गवारी आलीय का, आणि एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे खर्च म्हणून तर मोजलेले नाहीत ना. एक्स्पोर्टचं बटणच सापडलं नाही, तर ॲपचं नाव मला कळवा. यादी करतोय.